सेट पीसवर एवढ्या मोठ्या टीम झोपतात कशा?

फारपोस्ट:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढलाच. ओपन प्लेमध्ये, म्हणजे खेळ चालू असताना, गोल खाल्ला तर मी समजू शकतो, समोर एम्बापेसारखा माणूस मोकळ्या जागेत सुटला की भल्याभल्यांचा निभाव लागत नाही. पण सेट पीसला, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकला, बॉल थांबलेला असतो, उभं राहायला सगळ्यांना वेळ मिळालेला असतो, बॉल कुठून येणार हेही दिसत असतं, आणि तरी वर्ल्ड कप किंवा युरोसारख्या ठिकाणी जगातले सगळ्यात भारी डिफेंडर असलेल्या टीम असा गोल खातात की बघून चीड येते.

परवाच २००६ ची ब्राझील-फ्रान्स क्वार्टर फायनल परत बघितली. ५७ वं मिनिट, डावीकडून झिदानची फ्री किक. ब्राझीलची लाइन बॉक्सच्या कडेला उभी आहे आणि तिथेच रॉबर्टो कार्लोस कमरेत वाकून, हात खाली गुडघ्या-मोज्यांपाशी. बॉल हवेत गेला तरी तो तसाच. आन्री त्याच्या जवळून सुटून फार पोस्टला (लांबच्या खांबापाशी) पोचतो आणि तिथे त्याच्या आसपास कोणीच नाही, आरामात व्हॉली मारून गोल. १-० ने ब्राझील घरी आणि कार्लोसचा देशासाठीचा तो शेवटचा सामना ठरला.

बरं हे जुनं झालं म्हणावं तर मार्च २०२५ ला नेशन्स लीगमध्ये जर्मनी-इटली, डॉर्टमुंडला. डोनारुम्माने आधी मस्त सेव्ह केला, बॉल कॉर्नरला गेला, आणि हा गडी गोल सोडून पुढे येऊन वाद घालत बसला, इटलीचे बाकीचे पण त्यातच. बॉल बॉयने पटकन बॉल दिला, किमिशने तसाच लगेच कॉर्नर मारला आणि मुसियालाने रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलला. इटली! ज्यांची ओळखच डिफेन्सची, त्यांनी असा गोल खावा?

तर प्रश्न असा की हे नेमकं होतं कशामुळे? सिस्टिम चुकीची असते का (झोनल म्हणजे ठरलेली जागा सांभाळायची, की मॅन मार्किंग म्हणजे ठरलेला माणूस धरायचा, हा वाद दर मॅचला कॉमेंटरीत ऐकतो), उंची कमी पडते, की निव्वळ लक्ष नसतं? आणि नॅशनल टीमच्या मॅचमध्ये हे क्लबपेक्षा जास्त होतं असं मला वाटतं, ते खरं आहे का नुसता भास?

सहा_यार्ड:
चांगला विषय काढलात. माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या आठ वेळा गोल हा बॉल मारायच्या आधीच्या पाच-दहा सेकंदात नाहीतर पहिल्या हेडरनंतरच्या दोन सेकंदात खाल्लेला असतो. मधे जे हवेत उड्या मारणं दिसतं, त्याला उगाच जास्त महत्त्व दिलं जातं.

आधी आधीचं बघू. बॉल बाहेर गेला की प्रत्येक जण एक क्षण सुटतो, कोणी रेफरीकडे हात करतो, कोणी मोजे वर ओढतो, कोणी पाणी मागतो. नेमकं त्याच वेळात कोणी कोणाला धरायचं ते ठरवायचं असतं. तुमची दोन्ही उदाहरणं त्यातलीच आहेत आणि दोन्हीचा झोनल किंवा मॅनशी काडीचा संबंध नाही. २०२४ च्या युरोत ऑस्ट्रिया-तुर्कस्तान आठवते का, ५७ व्या सेकंदाला देमिरालचा गोल, कॉर्नरवर. म्हणजे मॅच सुरू होऊन एक मिनिट पण झालं नव्हतं, ऑस्ट्रियाचे लोक अजून मॅचमध्ये शिरायचेच होते. मग ५९ व्या मिनिटाला आर्दा ग्युलेरच्या कॉर्नरवर परत देमिरालच, ह्या वेळी उंच उडून हेडर. नंतर ऑस्ट्रियाचा ग्रेगोरिचने केलेला गोल पण कॉर्नरवरचाच. २-१ ची मॅच आणि तिन्ही गोल कॉर्नरचे!

आता नंतरचं. २०१८ मध्ये इंग्लंड-ट्युनिशिया बघा आणि ह्यात इंग्लंडच्या केनला नाही, ट्युनिशियाच्या डिफेंडर्सना बघत बसा. पहिला गोल, अकराव्या मिनिटाला कॉर्नर, स्टोन्सचा जबरदस्त हेडर, गोलकीपरने हात लावून बाहेर ढकलला. इथपर्यंत ट्युनिशियाने तसं बरं केलं होतं. पण त्या क्षणी सगळ्या डिफेंडर्सचं तोंड गोलकडे आणि पाय जागेवर, एकटा केन हलला आणि त्याने बॉल आत ढकलला. दुसरा गोल ९१ व्या मिनिटाला, परत कॉर्नर, मॅग्वायरने हेडने बॉल पुढे फ्लिक केला आणि फार पोस्टला पुन्हा केन मोकळा. ज्या केनला त्यांनी मॅचभर बॉक्समध्ये धरून पाडलं, कुस्ती खेळले त्याच्याशी, तोच शेवटच्या कॉर्नरला सुटा. कारण पहिला हेडर झाला की सगळ्यांची नजर बॉलबरोबर जाते आणि मार्किंग तिथेच संपतं. शिकवलेलं सगळं पहिल्या टचपर्यंतच असतं, त्यापुढे कोण काय करणार हे बऱ्याच टीमनी ठरवलेलंच नसतं.

आणि उंचीचं म्हणाल तर २०१० च्या क्वार्टर फायनलला ब्राझीलविरुद्ध विजयी हेडर मारणारा नेदरलँड्सचा स्नायडर १ मीटर ७० सेंटिमीटरचा आहे. रॉबेनचा कॉर्नर, कौटने निअर पोस्टला (जवळच्या खांबापाशी) बॉल नुसता घासून मागे सोडला, आणि सहा यार्डाच्या बॉक्समध्ये स्नायडर एकटा. ब्राझीलकडे त्या दिवशी ल्युसिओ होता, हुआन होता. उंच माणसं कमी होती असं कोणी म्हणणार नाही. निअर पोस्टचा फ्लिक हा प्रकारच असा आहे की बॉलची दिशा बदलली की ज्याने ज्याला धरलाय तो त्याच्या मागच्या बाजूला जातो, आणि मान वळवेपर्यंत खेळ खलास.

कट्टर_झोनल:
वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण झोनल वगैरेचा संबंध नाही असं म्हणून सोडून देऊ नका राव, कारण ह्या विषयावर इतकी वर्षं एकच रेकॉर्ड वाजतंय. झोनलवाल्या टीमने गोल खाल्ला की कॉमेंटेटर लगेच "बघा, झोनल मार्किंग, माणसाला कोणी धरलंच नाही". मॅन मार्किंगवाल्या टीमने खाल्ला की दोष त्या एका खेळाडूला, सिस्टिमला कोणी काही बोलत नाही. हा सरळ सरळ अन्याय आहे.

१९९८ ची फ्रान्स-ब्राझील फायनल घ्या. झिदान हा काही हेडरसाठी प्रसिद्ध माणूस नव्हता. २७ व्या मिनिटाला उजवीकडून इमॅन्युएल पेटीचा कॉर्नर, झिदान धावत निअर पोस्टला आला, लिओनार्डो त्याच्याबरोबर होता पण मागे पडला, गोल. पहिला हाफ संपता संपता डावीकडून जोरकाएफचा कॉर्नर, आता दुंगा जवळ, तोही कमी पडला, पुन्हा गोल, जवळजवळ त्याच पद्धतीने. एका माणसाने वीसेक मिनिटांत दोन्ही बाजूंच्या कॉर्नरवर एकाच तऱ्हेने गोल केला आणि तोही वर्ल्ड कप फायनलला. हे मॅन मार्किंगचं अपयश नाही तर काय आहे? धावणाऱ्याला माहीत असतं कुठे जायचंय, मागे जाणाऱ्याला ते फक्त ओळखायचं असतं, त्यामुळे तो कायम अर्धा सेकंद उशिराच.

शिवाय मॅन मार्किंगला ब्लॉकने मारता येतं. २०१४ ची सेमीफायनल, जर्मनीचा तो ७-१ मधला पहिला गोल, ११ वं मिनिट. क्रूसचा कॉर्नर, जर्मनीचे लोक एका घोळक्यातून पुढे धावले, म्युलर मात्र मागेच सरकला, आणि त्याला धरणारा डेव्हिड लुईझ त्या गर्दीत अडकला. म्युलरने इतक्या निवांतपणे साइड फूटने बॉल आत घातला की जणू प्रॅक्टिस चालली आहे. ब्राझीलचं पुढे जे झालं त्यावर सगळे बोलतात, पण दार उघडलं गेलं ते ह्या साध्या कॉर्नरवर. २०१८ मध्ये इंग्लंडने हेच आणखी पुढे नेलं, चार-पाच जण एकामागे एक रांगेत उभे, बॉल मारायच्या क्षणी चारी दिशांना फुटायचे, म्हणजे मार्कर एकमेकांनाच आदळणार. साउथगेट अमेरिकेत जाऊन बास्केटबॉलच्या मॅच बघून आला होता, तिथले स्क्रीन (समोरच्याची वाट अडवणं) म्हणजे हेच. पनामाविरुद्ध आठव्या मिनिटाला स्टोन्सला जो मोकळा हेडर मिळाला तो बघा, पनामावाले माणसांना मिठ्या मारण्यात गुंतलेत आणि ज्याला धरायचं तो निघून गेलाय. त्या अख्ख्या स्पर्धेत इंग्लंडचे १२ गोल होते त्यातले ९ सेट पीसचे, पेनल्टी धरून.

झोनलला कमजोरी नाही असं नाही. जागेवर उभं राहून उडी मारणाऱ्यापेक्षा धावत येऊन उडी मारणारा वर जातोच. २०१० च्या सेमीफायनलला स्पेनच्या पुयोलने जर्मनीला तसंच मारलं, ७३ वं मिनिट, झावीचा कॉर्नर, लांबून सुसाट धावत आला आणि पिकेच्याही वरून घेतला बॉल. म्हणूनच आजकाल शुद्ध झोनल किंवा शुद्ध मॅन कोणी फारसं खेळत नाही. चार-पाच चांगले हेडर मारणारे सहा यार्डाच्या लाइनवर आपापली जागा सांभाळतात, दोन-तीन जण पुढे उभे राहून धोकादायक रनर्सची धाव मोडतात, म्हणजे त्यांना जिंकायचं नसतं, नुसतं आडवं यायचं असतं, आणि एक जण बॉक्सच्या कडेला सेकंड बॉलसाठी, म्हणजे पहिल्या हेडरनंतर बाहेर येणाऱ्या बॉलसाठी. गोल खाल्ला की मला वाटतं आधी बघायचं की ते आडवे येणारे दोघं-तिघं काय करत होते. टीव्हीवर दोष येतो तो बिचाऱ्या सेंटर बॅकवर, कारण रिप्लेत हेडरच्या वेळी तोच शेजारी दिसतो.

जुनाजाणता:
वाचतोय. एक जुनं उदाहरण देतो, तरुण मंडळींनी कदाचित बघितलं नसेल. १९८६ ची फायनल, अर्जेंटिना-पश्चिम जर्मनी. सगळ्यांना मॅराडोना आठवतो, पण त्या मॅचमधले पाचातले तीन गोल सेट पीसचे आहेत. पहिला ब्राऊनचा हेडर, २३ वं मिनिट, बुरुचागाची फ्री किक, गोलकीपर शूमाखर बाहेर आला आणि बॉल त्याच्या हातीच लागला नाही. मग अर्जेंटिना २-० पुढे असताना ब्रेमेच्या दोन कॉर्नरवर आधी रुमेनिगं आणि थोड्याच मिनिटांत फ्योलर, २-२. दोन्ही वेळा बॉल पहिल्यांदा हेडने आत वळवला गेला आणि दुसरा माणूस गोलसमोर मोकळा सापडला. म्हणजे सहा_यार्ड म्हणतात तो पहिल्या टचनंतरचा प्रकार तेव्हाही जसाच्या तसा. बुरुचागाने नंतर तिसरा मारला म्हणून वाचले. प्रशिक्षक बिलार्दोबद्दल नेहमी सांगितलं जातं की वर्ल्ड कप जिंकल्यावरसुद्धा तो कॉर्नरवरच्या त्या दोन गोलांमुळे चिडलेला होता. मला तो माणूस त्यासाठी फार आवडतो.

गोलकीपरचा मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून सांगतो. २००४ ची युरो फायनल, ५७ वं मिनिट, बासिनासचा कॉर्नर, पोर्तुगालचा रिकार्डो गोल सोडून पुढे आला पण बॉलपर्यंत पोचला नाही, खारिस्तेआसने हेडर मारला आणि ग्रीस चॅम्पियन. त्याआधी सेमीफायनलला चेक रिपब्लिकविरुद्ध देलासचा गोल, तोही कॉर्नरवरच, एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपता संपता. गोलकीपर जागेवर राहिला तर सहा यार्डात डिफेंडरने निस्तरायचं, बाहेर आला तर बॉल त्याचा. पण निघाला आणि पोचला नाही तर मधे कोणीच उरत नाही, कारण त्याचा आवाज ऐकून डिफेंडर थांबलेले असतात. माझ्या मते सेट पीसवरची सगळ्यात महागडी चूक हीच.

लेफ्टबॅक११:
नॅशनल टीमचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून मी घेतो, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथेच आहे.

क्लबमध्ये तुम्ही रोज एकत्र असता. आठवड्यातून एखादं सेशन नुसतं डिफेन्सिव्ह कॉर्नरचं होऊ शकतं, आणि दहा महिने तेच तेच करून कोणाच्या डाव्या बाजूला कोण आहे हे अंगात भिनतं. नॅशनल टीमचा कोच खेळाडूंना सोमवारी भेटतो आणि गुरुवारी-शुक्रवारी मॅच. त्यातले अर्धे रविवारी रात्री आपल्या क्लबसाठी खेळून आलेले, म्हणजे पहिले दोन दिवस रिकव्हरी. उरलेल्या एका-दोन सेशनमध्ये प्रेसिंग, बिल्ड-अप, अटॅकिंग सेट पीस आणि मग वेळ उरला तर डिफेन्सिव्ह. आणि आलेले अकरा जण आठ-नऊ वेगवेगळ्या क्लबांतून आलेत, एकाच्या क्लबात शुद्ध झोनल, दुसऱ्याच्या क्लबात तो कायम समोरच्या सगळ्यात उंच माणसाला धरतो, तिसरा क्लबात कॉर्नरला बॉक्समध्ये येतच नाही, काउंटरसाठी पुढे थांबतो. दबावाच्या क्षणी माणूस काल शिकवलेलं करत नाही, सवयीचं करतो. मग दोघं एकाच्या मागे जातात आणि एक मोकळा सुटतो, आणि आपण म्हणतो लक्ष नव्हतं.

अटॅकला हा त्रास कमी असतो कारण एक-दोन रूटीन पाठ करायला एक दुपार पुरते. वरच पुयोलच्या गोलाचा उल्लेख आला, झावी, पुयोल, पिके तिघंही बार्सिलोनाचे, त्यांना ते नव्याने शिकायचं पण नव्हतं. डिफेन्सला मात्र समोरचा काय करेल त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार लागतं. म्हणून नॅशनल टीममध्ये सेट पीस हे अटॅकच्या बाजूने झुकलेलं हत्यार आहे, आणि ज्या देशांनी ते ओळखलं त्यांनी खास माणसं नेमली. इटलीने युरो २०२० ला जान्नी व्हियोला घेतलं होतं, फायनलचा बोनुचीचा बरोबरीचा गोल कॉर्नरवरच्या घुसळणीतूनच आला. जर्मनीने डेन्मार्ककडून बुटगेराइटला आणलं, आणि तुम्ही सांगितलेल्या डॉर्टमुंडच्या मॅचच्या तीनच दिवस आधी मिलानला गोरेट्झकाचा विजयी हेडर किमिशच्या कॉर्नरवर होता. म्हणजे इटलीला तीन दिवसांपूर्वी त्याच माणसाच्या कॉर्नरने दणका बसला होता, तरी ते त्याच्याकडे पाठ करून वाद घालत होते. मला तरी ह्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

नॉकआउटमध्ये तर ह्याचं वजन आणखी वाढतं कारण टीम एकमेकांना ओपन प्लेमध्ये काही देत नाहीत. २०१८ चा फ्रान्स बघा. उरुग्वेविरुद्ध ग्रिझमनच्या फ्री किकवर वरानचा हेडर, बेल्जियमविरुद्ध ग्रिझमनच्याच कॉर्नरवर उमटिटी, आणि तिथे त्याला धरायला फेलाइनी होता, १ मीटर ९४ चा माणूस, पण उमटिटी त्याच्या पुढे घुसला, उंचीचा उपयोगच झाला नाही. फायनलला ग्रिझमनच्या फ्री किकवर क्रोएशियाच्या मान्झुकिचचा स्वतःच्याच जाळ्यात, मग क्रोएशियाची बरोबरी पण फ्री किकनंतरच्या घोळातून पेरिसिचची, आणि ३८ व्या मिनिटाची पेनल्टी कॉर्नरवर पेरिसिचच्या हाताला बॉल लागल्यामुळे. फायनलचे पहिले तिन्ही गोल थांबलेल्या बॉलवरून सुरू झालेले.

फारपोस्ट:
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेफ्टबॅक११, सवयीचा मुद्दा एकदम पटला. तीन दिवसांचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण मग फ्री किकचं काय? कॉर्नरला गर्दी असते, ब्लॉक असतात, मान्य. बॉक्सच्या बाहेर फ्री किक मिळते तेव्हा तर भिंत उभी असते, सगळं समोर असतं. तिथे पण फसतात.

सहा_यार्ड:
तिथे उलट होतं. सगळ्यांना खात्री असते की आता शॉटच येणार.

२०२२, लुसैल, नेदरलँड्स-अर्जेंटिना. १० मिनिटं इंज्युरी टाइम, तीही संपलेली, ९०+११, बॉक्सच्या अगदी कडेला फ्री किक, अर्जेंटिना २-१ पुढे. अशा वेळी जगातला प्रत्येक माणूस शॉट मारणार. भिंत उडी मारायला तयार, गोलकीपर आपली बाजू धरून. आणि कूपमायनर्सने जमिनीवरून भिंतीच्या बाजूने हलकेच पास दिला वेगहॉर्स्टला, त्याने एन्झो फर्नांडेझला पाठीवर घेऊन वळून गोल मारला. त्याच्याजवळ माणूस होता, पण तोही शॉटचीच वाट बघत होता. हे पुन्हा बघाल तेव्हा वेगहॉर्स्ट किती आधीपासून तिथे जागा करून उभा आहे ते बघा, लपवलेलं काहीच नाही.

आता गंमत म्हणजे ह्याच अर्जेंटिनाने १९९८ ला इंग्लंडला जवळजवळ हेच केलं होतं. पहिला हाफ संपत आलेला, बातिस्तुता बॉलवरून नुसता पळून गेला, वेरॉनने बाजूला पास दिला आणि भिंतीमागून सुटलेल्या झानेट्टीने गोल मारला. दोन्ही मॅच २-२ सुटल्या आणि दोन्ही अर्जेंटिनाने पेनल्टीवर ४-३ ने जिंकल्या.

२०१९ पासून नियम आहे की भिंतीत तीन किंवा जास्त डिफेंडर असतील तर अटॅकरने निदान एक मीटर लांब राहायचं. त्याआधी भिंतीत घुसून धक्काबुक्की करून जागा करायचे, ते बंद झालं. पण त्यामुळे भिंतीच्या बाजूला उभा असलेला अटॅकर आता निरुपद्रवी वाटतो, आणि त्याच्यावर नजर ठेवायचं काम नेमकं कोणाचं, हा गोंधळ उरतोच. माझं म्हणणं, भिंतीत नसलेल्या एका माणसाला शॉटशी काही देणंघेणं नको, त्याने फक्त पासचाच विचार करायचा.

थ्रोइन_प्रेमी:
थ्रो-इनला विसरू नका हो. लांब थ्रोला लोक अजून सेट पीस मानत नाहीत आणि तिथेच मार खातात. २०२४ युरो, स्लोव्हाकिया २५ व्या मिनिटापासून पुढे, ९५ व्या मिनिटाला इंग्लंडचा थ्रो, वॉकरने आत फेकला, गेहीने हेडने फ्लिक केला, बेलिंगहॅमची बायसिकल किक. सगळं कौतुक त्या किकचं होतं आणि व्हायलाच हवं, पण स्लोव्हाकियाने मॅच हातात असताना पहिला हेडर सोडला ही मूळ गोष्ट. आणि हे विसरू नका की थ्रो-इनला आणि कॉर्नरला थेट आलेल्या बॉलवर ऑफसाईड नसतो, म्हणजे लाइन वर ओढून कोणाला बाहेर काढता येत नाही, प्रत्येक माणूस प्रत्यक्षातच धरावा लागतो. एक्स्ट्रा टाइम सुरू झाल्या झाल्या केनचा गोल पण फ्री किकनंतर नीट न काढलेल्या बॉलवर, टोनीने हेडने त्याच्याकडे वळवलेला. बरोबरी झाल्याच्या धक्क्यातून बाहेर यायला स्लोव्हाकियाला वेळच मिळाला नाही.

कट्टर_झोनल:
धरण्यावरून आठवलं, VAR (व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं) आल्यापासून धरणंही महाग झालंय. २०१८ ला पहिल्यांदा वर्ल्ड कपमध्ये VAR आला आणि एकूण २९ पेनल्टी दिल्या गेल्या, तोपर्यंतचा विक्रम. २०१० ला नायजेरियाविरुद्ध अर्जेंटिनाच्या हायन्झचा सहाव्या मिनिटाचा हेडर आठवा, वेरॉनचा कॉर्नर, हायन्झ मोकळा. तिथे सॅम्युएलने नायजेरियाच्या ओबासीला धरून ठेवलं होतं आणि तो गोल द्यायला नको होता हे नंतर फिफाच्या लोकांनीही मान्य केलं. आज तो गोल टिकला नसता. म्हणजे अटॅकर्सच्या ब्लॉकवर पण नजर आहे, फक्त ढकलणं आणि नुसतं वाटेत उभं राहणं ह्यात फरक आहे, हुशार टीम त्या फरकावरच जगतात. त्यामुळे जे डिफेंडर अजून जर्सी ओढून काम भागवतात त्यांनी पाय हलवायला शिकलं पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

फारपोस्ट:
सगळ्यांचं वाचून काल रात्री आणखी एक मॅच लावली, २०१८ ची इंग्लंड-कोलंबिया, आणि मला एक गोष्ट दिसली ती इथे टाकतो, बघा पटते का. इंज्युरी टाइममध्ये उरिबेने लांबून जो फटका मारला तो पिकफोर्डने एका हाताने वरच्या कोपऱ्यातून काढला, कमालीचा सेव्ह. बॉल कॉर्नरला. इंग्लंडचे लोक त्याच्याजवळ जाऊन पाठ थोपटतायत. त्या कॉर्नरवर येरी मिना मॅग्वायरच्या वरून उडाला, हेडर जमिनीवर आपटून वर आला, लाइनवर ट्रिपिअर होता तरी बॉल जाळ्याच्या छताला गेला, १-१. मिनाने आधी पोलंड आणि सेनेगलविरुद्ध पण हेडरनेच गोल केले होते, म्हणजे त्याच्याकडे लक्ष ठेवायचं हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

डोनारुम्माचं पण हेच ना? आधी भारी सेव्ह, मग कॉर्नर, मग गोल. सेव्ह झाला की सगळ्यांना वाटतं संकट गेलं.

सहा_यार्ड:
पटलं, आणि हे फार चांगलं पकडलंत. त्या वेळी कॅप्टनने किंवा सेंटर बॅकने सगळ्यात आधी ओरडायला पाहिजे, सेव्हचं कौतुक नंतर. काही टीममध्ये ठरवून एका माणसाला हे काम दिलेलं असतं, बॉल बाहेर गेला की तो बॉलजवळ धावत जाऊन उभा राहतो म्हणजे पटकन कॉर्नर मारता येऊ नये, बाकीचे तेवढ्यात आपापली जागा घेतात. डॉर्टमुंडला इटलीचा एक जरी माणूस किमिशसमोर उभा असता तरी तो गोल झाला नसता.

लेफ्टबॅक११:
आणि आता नवीन नियम पण आलाय, १ जुलै २०२५ पासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्याला थेट कॉर्नर. म्हणजे गोलकीपर बॉल छातीशी धरून उभा आहे, डिफेंडर सावकाश वर चाललेत, आणि अचानक शिट्टी आणि कॉर्नर, तेव्हा अर्धी टीम मैदानाच्या मध्यावर. रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजतो, ते बघायचं काम सेंटर बॅकचं आहे. २०२६ च्या वर्ल्ड कपला ह्यावर कोणी ना कोणी फसणार असं मला वाटतं, धागा वर काढूच तेव्हा.